सावलीतली कोरांटी फुलत नव्हती, तेव्हा

हेलेबोरस हे थंड देशांत सावलीत, हिवाळ्यात फुलणारं झाड; पण त्याला कळ्या धरायला खरी थंडी लागते, ती मुंबईत नाही. सावलीच्या गॅलरीत हिवाळी फुलांसाठी जांभळी कोरांटीच बरी.

माझी नुसतीच उंच वाढली, फुलं नाहीत. चूक छाटणीची होती: कळ्या कोवळ्या शेंड्यांवर येतात आणि मी ऑक्टोबरमध्ये शेंडे कापत होतो. आता बहर संपला की फेब्रुवारीअखेर एक तृतीयांश छाटतो, शेंडे खुडणं जुलैअखेर बंद. १० इंची कुंडी. दोन भाग माती, एक शेणखत, एक जाड वाळू. पावसाळ्यात तळाची भोकं तुंबली तर मुळं कुजतात, म्हणून कुंडी दोन विटांवर. युरिया नकोच, पानंच माजतात. सकाळचं दोन-तीन तास ऊन मात्र हवं. पूर्ण अंधाऱ्या कोपऱ्यात कोरांटीही हरते.