एका झारीत भागेल एवढंच पेरा: स्टारड्यू व्हॅलीच्या पहिल्या वसंताची तयारी

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळायला घेणाऱ्यांना मी आधी दोन आकडे सांगते: २७० आणि ४०. पहिला तुमच्या एनर्जीचा, म्हणजे सकाळी उठल्यावर अंगात असलेल्या दमाचा. दुसरा सुरुवातीच्या झारीत मावणाऱ्या पाण्याचा. कुदळ, टिकाव, कुऱ्हाड किंवा झारी एकदा चालवली की २ एनर्जी जाते. म्हणजे ४० रोपं लावली तर रोज सकाळी एक अख्खी झारी रिकामी होणार आणि ८० एनर्जी खर्च होणार, तीही दिवसाचं खरं काम सुरू व्हायच्या आत. नवीन खेळणारे पैशांची काळजी करतात, पण पैसे येतात. पहिल्या वसंतात कमी पडतात ते दम आणि वेळ. पुढची सगळी तयारी या दोन गोष्टी राखण्यासाठीच आहे.

खेळ सुरू करण्याआधी शेताचा प्रकार निवडायचा असतो. पहिल्या खेपेला स्टँडर्ड फार्मच घ्या. तिथे लागवडीला मोकळी जागा सर्वांत जास्त असते आणि काहीही अडत नाही. बीच फार्म दिसायला फार सुंदर आहे, पण तिथल्या बहुतेक वाळूवर स्प्रिंकलर, म्हणजे आपोआप पाणी घालणारी यंत्रं, बसत नाहीत, आणि पुढे सगळी मदार स्प्रिंकलरवरच असते. २०२४ च्या १.६ अपडेटमध्ये आलेला मेडोलँड्स फार्म खुराडं आणि दोन कोंबड्या देऊन सुरू होतो, मात्र त्यात सुरुवातीचं पार्सनिपचं (गाजरासारख्या एका कंदाचं) बियाणं मिळत नाही. पिकं शिकायची असतील तर तो दुसऱ्या खेपेला ठेवा. याच पडद्यावर खाली डावीकडे पान्याचं चिन्ह आहे. ते उघडून कम्युनिटी सेंटरची बंडलं, म्हणजे गावाच्या जुन्या सभागृहासाठी भरून द्यायचे वस्तूंचे संच, नेहमीचीच आहेत ना ते बघा, आणि ती पहिल्या वर्षात पूर्ण करता येण्याची हमी देणारा पर्याय चालू करा. हे सहज सुटून जातं. त्यातल्या डाय बंडलला लाल कोबी लागतो आणि त्याचं बी गावातल्या पियरच्या दुकानात दुसऱ्या वर्षीपासून मिळतं. हा पर्याय बंद असेल तर पहिलं वर्षभर फिरत्या व्यापाऱ्याच्या गाडीकडे डोळे लावून बसावं लागतं.

पहिल्या दिवशी हातात १५ पार्सनिपच्या बिया आणि ५०० गोल्ड (खेळातले पैसे) असतात. समोर सगळं शेत दगड, ओंडके आणि गवताने भरलेलं असतं आणि ते साफ करायची जबरदस्त इच्छा होते. ती आवरा. घराजवळ, झारी भरायला तळं फार लांब पडणार नाही असा एक तुकडा मोकळा करा, तेवढाच खणा आणि बाकीचं राहू द्या. झाडं तोडून ५० लाकडं जमली की पेटी बनवा आणि दाराशीच ठेवा. सुरुवातीच्या पिशवीत १२ खण असतात आणि त्यातले पाच अवजारांनीच भरतात. त्यामुळे पेटी नसेल तर दुपारपर्यंत काय टाकू नि काय ठेवू असं होतं.

५०० गोल्डचा माझा हिशेब असा. पियरकडून फ्लॉवरचं एक बी ८० ला, फरसबीचं एक ६० ला, बटाट्याचं एक ५० ला, आणि उरलेल्यातून पार्सनिपच्या १५ बिया ३०० ला. झाले ४९०. या चार पिकांचा प्रत्येकी एक नग कम्युनिटी सेंटरच्या वसंतातल्या पिकांच्या बंडलला लागतोच, म्हणजे ते काम पहिल्याच दिवशी मार्गी लागतं. बटाटा ६ दिवसांत येतो, फरसबी १० दिवसांत, फ्लॉवर १२ दिवसांत. फरसबीचा वेल मांडवावर चढतो आणि मांडवातून चालत जाता येत नाही, म्हणून तो वाफ्याच्या कडेला लावा. एकूण ३३ रोपं झाली. खणणं आणि पाणी मिळून पहिल्या दिवशी १३२ एनर्जी, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज ६६. झारी पुरते आणि निम्म्याहून जास्त दम शिल्लक राहतो.

इथे कावळ्यांचा विचार हवा. शेतात १६ किंवा जास्त रोपं झाली की कावळे येऊ शकतात. बुजगावणं मात्र शेतीची पहिली पातळी गाठल्याशिवाय बनवता येत नाही, आणि ती पातळी सुरुवातीच्या १५ पार्सनिपच्या काढणीवर मिळते. मधल्या चार-पाच रात्रींत एखाद-दुसरं रोप गेलं तर जाऊ द्या, त्या भीतीने फक्त १५ वर थांबू नका. काढणीनंतर मात्र ५० लाकडं, १ कोळसा आणि २० तंतू एवढं सामान पेटीत तयार ठेवा. तंतू रानगवत कापून मिळतात. बुजगावण्याची राखण चहूकडे साधारण ८ घरांपर्यंत, म्हणजे जमिनीच्या चौकोनांपर्यंत, पोचते.

आता वेळ. दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री २ ला संपतो. खेळातली १० मिनिटं म्हणजे आपली साधारण ७ सेकंद, म्हणजे अख्खा दिवस जेमतेम १४ मिनिटांचा. एकट्याने खेळताना पिशवी किंवा मेनू उघडला की घड्याळ थांबतं. त्यामुळे काय करायचं याचा विचार नेहमी मेनू उघडून करा. मित्रांबरोबर खेळताना ही सोय नाही. रात्री २ वाजेपर्यंत अंथरुणात नसाल तर बेशुद्ध पडता आणि जवळच्या पैशांतले १० टक्के, जास्तीत जास्त १००० गोल्ड, जातात. मध्यरात्रीनंतर झोपलात तरी दुसऱ्या दिवशी एनर्जी पूर्ण भरत नाही. एनर्जी शून्यावर येऊ दिली तर तुम्ही थकता, चाल मंदावते आणि दुसरा दिवस अर्ध्या दमावर सुरू होतो. खेळ जतन होतो तो झोपल्यावरच, म्हणून अर्ध्या दिवसात उठून जायची वेळ येणार असेल तर नवीन दिवस सुरूच करू नका.

सकाळी उठल्यावर आधी टीव्ही लावा. हवामानाच्या वाहिनीवर उद्या पाऊस आहे का ते कळतं. पाऊस म्हणजे झारीला सुट्टी आणि सगळी एनर्जी दुसऱ्या कामाला मोकळी. खेळातला प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि १ तारखेला नेहमी सोमवार असतो, त्यामुळे वारांचा हिशेब एकदा डोक्यात बसला की कायमचा बसतो. पियरचं दुकान सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं आणि बुधवारी बंद. म्हणजे ३, १०, १७ आणि २४ तारखेला बियाणं मिळणार नाही, ते मंगळवारीच घेऊन ठेवा. सुतारकाम करणारी रॉबिन मंगळवारी दुकानात नसते. पहिल्या वसंतात ३ तारखेला पाऊस ठरलेला आहे. २ तारखेला विली या कोळ्याचं पत्र येतं. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन त्याच्याकडून गळ घ्या आणि ३ चा पावसाळी दिवस मासेमारीला द्या. सुरुवातीला मासा हातून सुटत राहतो, ते सगळ्यांचंच होतं. विलीकडे २५ गोल्डला शिकाऊ गळ मिळतो, त्यात मासा धरून ठेवायची पडद्यावरची पट्टी मोठी असते आणि साधे मासे सहज येतात. पहिल्या दोन आठवड्यांत शेतापेक्षा मासेच जास्त पैसे देतात असं माझं ठाम मत आहे. फक्त गळ एकदा टाकायला ८ एनर्जी लागते हे ध्यानात असू द्या.

दम भरून काढायला खाणं लागतं, आणि वसंतात ते फुकट मिळतं. सिंडरसॅप जंगलाच्या दक्षिण टोकाला रोज कांद्याच्या पाती उगवतात. एक पात १३ एनर्जी देते आणि विकायला गेलं तर ८ गोल्ड मिळतात, म्हणून ती खायलाच ठेवा. १५ ते १८ तारखेला गावभरच्या झुडपांना सॅमनबेरी लागतात, एक बेरी २५ एनर्जीची. त्या चार दिवसांत दिसेल ते झुडूप हलवत चला. शंभरभर बेऱ्या गोळा झाल्या तर पुढचे कित्येक दिवस खाणीत उतरायची चिंता नाही.

५ तारखेची तयारी वेगळी करावी लागते, कारण त्या दिवशी तीन गोष्टी एकदम येतात. पार्सनिप काढणीला येतात. त्या दिवसापासून, पाऊस नसेल तेव्हा, सकाळी ८ ते दुपारी १ च्या दरम्यान बस थांब्याकडून गावात शिरलात की महापौर लुईस भेटतो आणि कम्युनिटी सेंटरची कथा सुरू होते. आणि डोंगरातल्या खाणीचा रस्ता मोकळा होतो. क्रमही हाच ठेवा: पहाटे काढणी, सोनेरी ताऱ्याचे, म्हणजे वरच्या दर्जाचे, पार्सनिप आले असतील तर ते पेटीत, मग गाव, पियरकडून नवीन बियाणं, लागवड, आणि मग खाण. सोनेरी ताऱ्याचे ५ पार्सनिप दर्जेदार पिकांच्या बंडलला चालतात. कम्युनिटी सेंटरच्या पँट्री या खोलीतली सगळी बंडलं पूर्ण झाली की बक्षीस म्हणून हरितगृह मिळतं, जिथे बारा महिने काहीही पिकवता येतं. म्हणून पहिल्या वर्षी एकच नियम पाळा: जी वस्तू पहिल्यांदा हाती आली तिचा एक नग विकायचा नाही. पेटी स्वस्त आहे, आणखी एक बनवा.

खाणीत दर ५ मजल्यांवर लिफ्ट थांबते, त्यामुळे एका दिवसात किमान ५ मजले उतरायचेच असं ठरवून जा. मध्येच परतलात तर तेवढी मेहनत पुन्हा करावी लागते. तांबं वरच्या मजल्यांवर मिळतं, लोखंड ४० च्या खाली, सोनं ८० च्या खाली. तांब्याचा पहिला खडा मिळाला की दुसऱ्या सकाळी लोहार क्लिंट घरी येऊन भट्टीची कृती देतो. भट्टीला २० तांब्याचे खडे आणि २५ दगड लागतात, आणि एक तांब्याची वीट ५ खडे आणि १ कोळसा यांतून निघते. म्हणून सुरुवातीला सापडलेला कोळसा विकू नका.

अवजार सुधारायला क्लिंटकडे २००० गोल्ड आणि ५ तांब्याच्या विटा द्याव्या लागतात आणि अवजार दोन दिवस त्याच्याकडे राहतं. झारी द्यायची तर वेळ साधून द्या. टीव्हीने उद्या पाऊस सांगितला की आज पाणी घालून झारी देऊन टाका. उद्याचं पाणी पाऊस घालेल आणि परवा ९ वाजता झारी हातात येईल. तांब्याची झारी एका दमात ओळीतल्या तीन रोपांना पाणी देते. स्प्रिंकलरचं म्हणाल तर शेतीच्या दुसऱ्या पातळीवर मिळणारा साधा स्प्रिंकलर चारच घरं भिजवतो. मी त्याच्यावर लोखंड घालवत नाही. सहाव्या पातळीवरचा क्वालिटी स्प्रिंकलर आठ घरं भिजवतो, त्याच्यासाठी विटा साठवा. तो येईपर्यंत झारीची मर्यादा ओलांडू नका.

१३ तारखेच्या एग फेस्टिव्हलसाठी पैसे आधीपासून बाजूला काढा. स्ट्रॉबेरीचं बी तिथेच मिळतं, १०० गोल्डला एक. स्ट्रॉबेरी ८ दिवसांत येते आणि मग दर ४ दिवसांनी. १३ ला लावली तर २१ आणि २५ ला अशा दोन काढण्या मिळतात, आणि १६ नंतर लावली तर एकच. अडचण ही की उत्सव संपतो तेव्हा रात्रीचे १० वाजलेले असतात. त्यावर सोपा उपाय आहे: निघण्याआधी सकाळीच जमीन खणून भिजवून ठेवा. रात्री आल्यावर फक्त बी टाकायचं. भिजलेली जमीन झोपेपर्यंत भिजलेलीच राहते, त्यामुळे एकही दिवस फुकट जात नाही आणि रात्री दमही लागत नाही.

कोंबड्या घ्यायची घाई असेल तर खुराड्याच्या आधी सायलो, म्हणजे चारा साठवायची कोठी, बांधा. त्याला १०० गोल्ड, १०० दगड, १० चिकणमाती आणि ५ तांब्याच्या विटा लागतात. सायलो नसताना कापलेल्या हिरव्या गवताचा चारा होत नाही, ते नुसतं वाया जातं. म्हणून तोवर विळा रानगवतावरच चालवा. गावकऱ्यांना आठवड्यात दोन भेटवस्तू देता येतात. वाढदिवस पियरच्या दुकानाबाहेरच्या दिनदर्शिकेवर असतात. पहिल्या वसंतात एवढं पुरे.

शेवटचा आठवडा आकड्यांचा आहे. ऋतू बदलला की वसंतातली पिकं वाळून जातात, पिकायला एक दिवस उरलेला असला तरी. फ्लॉवर १६ नंतर, बटाटा २२ नंतर आणि पार्सनिप २४ नंतर लावू नका. २७ ला सकाळी पाणी घातलं की २८ ची काढणी पक्की होते आणि झारीचं वसंतातलं काम संपतं. आधी सुधारली नसेल तर त्याच दिवशी ती क्लिंटकडे द्या, उन्हाळ्याच्या १ तारखेला ९ वाजता तयार मिळेल. पियरही त्याच वेळी दुकान उघडतो. उन्हाळ्याचं बियाणं त्याआधी त्याच्याकडे मिळत नाही, म्हणून २८ च्या रात्री बियाण्यापुरती रोकड हातात असली पाहिजे. ब्लूबेरीचं बी ८० गोल्डला आहे. १ तारखेला लावली तर १४, १८, २२ आणि २६ ला काढणी होते. १ तारीख चुकवून दोन दिवस उशिरा लावली तर शेवटची काढणी थेट २८ ला येते, आणि मधे एक दिवस जरी पाणी घालायचं राहिलं तरी ती काढणी गेली.