केन्सेटच्या रीतीने शांत समुद्रकिनारा रंगवताना

जॉन फ्रेडरिक केन्सेट या अमेरिकन चित्रकाराच्या ‘ईटन्स नेक, लाँग आयलंड’ (१८७२) या चित्रात वळत गेलेला किनारा, समुद्र आणि जवळजवळ रिकामं आकाश आहे, बस. तरी नजर हलत नाही. ती शांतता तैलरंगात आणायची, तर ब्रशचा फटकारा दिसता कामा नये.

मूळ चित्र साधारण ४६ × ९१ सेंमी, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद. सरावाला ३० × ६० सेंमी कॅनव्हास घ्या. जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक सँडपेपर फिरवा. कापडाची वीण वर आली, की पाणी खरखरीत दिसतं.

क्षितिज खालच्या कडेपासून १२ सेंमीवर. दोन्ही बाजूंनी मोजूनच रेघ मारा. दोन मिलिमीटरचा फरकही समुद्र कलल्यासारखा दाखवतो.

खरी कसोटी आकाशाची. रंग लावण्याआधी पॅलेटवर पाच छटा कालवून ठेवा. वरची छटा पांढरा, कोबाल्ट ब्लू आणि चिमूटभर रॉ अंबर (मातकट तपकिरी) यांची; क्षितिजाजवळची पांढरा आणि किंचित यलो ऑकर यांची. निळा आणि पिवळा थेट भिडले की मधला पट्टा हिरवट होतो, म्हणून मधल्या छटेत लाइट रेडचा (मातकट लाल रंगाचा) कण टाका. त्या काळी पांढरा शिशाचा असे. तो विषारी, त्यामुळे टायटॅनियम व्हाइट वापरा. मात्र तो इतर रंगांना झाकून टाकतो, तेव्हा थोडा थोडाच मिसळा. या छटांचे वरून खाली आडवे पट्टे लावा. ते ओले असतानाच रुंद, मऊ, कोरडा ब्रश आडवा, अगदी हलक्या हाताने फिरवा आणि दर दोन फेऱ्यांनी फडक्याला पुसा. न पुसलेला ब्रश खालचा पिवळा वर नेतो आणि सगळं आकाश मळतं.

आकाश वाळायला आठवडाभर तरी द्या. मग समुद्र: दूरवर फिका, जवळ येताना गडद. लाटांच्या रेघा काटेकोर आडव्या आणि क्षितिजाकडे जाताना एकमेकींच्या जवळ. खडकाचं प्रतिबिंब त्याच्या थेट खाली, उभं उतरतं; गडद खडकाचं प्रतिबिंब खडकापेक्षा जरा उजळ, पांढऱ्या शिडाचं शिडापेक्षा जरा मंद. नवशिक्यांचं प्रतिबिंब बहुधा इथेच फसतं, कारण ते वरचाच रंग जसाच्या तसा खाली लावतात.

वरच्या थरात जवसाचं तेल खालच्यापेक्षा जास्त असू द्या, नाहीतर पुढे तडे जातात. वॉर्निश सहा महिन्यांनंतरच.