कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम: काय बंद करायचं, काय नाही

उन्हाळ्यात नागपूरला लाईन गेली-आली की यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपला दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं. जुनी हार्डडिस्क असेल तर पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण चार-पाच मिनिटं काहीच उघडत नाही. त्या वेळात डझनभर प्रोग्रॅम एकाच डिस्कवर तुटून पडलेले असतात आणि त्यांतले बरेचसे लगेच लागणारे नसतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज 11 मध्ये डाव्या पट्टीत ‘स्टार्टअप ॲप्स’ आहे. विंडोज 10 मध्ये वर ‘स्टार्टअप’ टॅब आहे (छोटीच खिडकी आली तर आधी ‘मोअर डिटेल्स’ दाबा). ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ या रकान्यात ‘हाय’ असेल तर त्या प्रोग्रॅमने सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं. पहिली नजर तिथे टाका. नाव ओळखीचं नसेल तर रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ चालू करा, म्हणजे फाईल कुठल्या फोल्डरमधून चालते ते दिसेल. टेम्प फोल्डरमधून (तात्पुरत्या फाईल्सच्या जागेतून) चालणारं काही आढळलं तर नुसतं डिसेबल करून भागत नाही, आधी अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

गाण्यांचे ॲप, गेमचे लाँचर, मीटिंगचे ॲप, प्रिंटरची शाई दाखवणारा मदतनीस बिनधास्त बंद करा. राइट क्लिक, डिसेबल. प्रोग्रॅम काढला जात नाही, लागेल तेव्हा हाताने उघडता येतो. छपाईही थांबत नाही, कारण ती प्रिंट स्पूलर हा विंडोजचा वेगळा भाग सांभाळतो. फार तर प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण रुसेल.

घोळ होतो तो पुढच्या तीन ठिकाणी. घरून जीएसटीचं काम करत असाल तर डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर चालू राहू द्या, नाहीतर सही करायच्या वेळी पोर्टलला टोकन सापडत नाही. मराठी टायपिंगचं वेगळं सॉफ्टवेअर बंद केलं तर ते हाताने उघडेपर्यंत अक्षरं इंग्रजीच उमटतात. आणि वनड्राइव्ह (फाईलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप) बंद करण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर त्याच्याशी जोडलेले नाहीत ना, ते बघा. जोडलेले असतील तर तिकडची प्रत त्या दिवसापासून अडकते आणि कळतं ते डिस्क बिघडल्यावर.

एका वेळी तीन-चारच बंद करा आणि ‘रीस्टार्ट’ करा. शटडाउन करून तपासू नका: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो, ड्रायव्हर नव्याने सुरू होत नाहीत.

बंद केलेलं पुन्हा उघडत असेल तर कारण बहुधा त्या प्रोग्रॅमच्याच सेटिंगमध्ये असतं. तिथली ‘विंडोजबरोबर सुरू करा’ अशा अर्थाची खूण काढा. क्रोमला ‘सिस्टीम’ विभागात बंद झाल्यावरही मागे चालत राहण्याचा पर्याय आहे, एज ब्राउझरला ‘स्टार्टअप बूस्ट’. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, ‘अकाउंट्स’मधल्या ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये जुनी ॲप्स परत उघडणारा एक स्विच आहे, तो हमखास नजरेतून सुटतो. तरीही येत असेल तर टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या भागात) ‘ॲट लॉग ऑन’ असा ट्रिगर शोधा. तिथली मायक्रोसॉफ्टची कामं मात्र हलवू नका. ‘एमएससीटीएफमॉनिटर’ बंद केलं की स्टार्ट मेनूच्या शोधात टाइपच होत नाही.

सगळी यादी एकत्र हवी तर मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘ऑटोरन्स’ घ्या. ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावा आणि फक्त टिक काढा. डिलीट नको, टिक परत लावता येते.

एवढं करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बराच वेळ 100 टक्क्यांवर अडकत असेल, तर यादीत आणखी काटछाट करून उपयोग नाही, जुनी हार्डडिस्कच बदला. अडीच इंची साटा एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) जुन्या डेस्कटॉपलाही बसते आणि नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, डेटासकट क्लोन करून मिळते. सकाळी मशीन ठीक आणि मे महिन्याच्या दुपारीच संथ असेल, तर आधी प्रोसेसरच्या पंख्यावरची धूळ काढा.