हाडाची प्लेट डिझाइन करताय? या चुका टाळा

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी येतात. मोडलेल्या हाडाच्या आकाराशी जुळवून घेणारी प्लेट करायची, हा बहुतेकांचा लाडका विषय. चुकाही ठरलेल्या.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे, "सर, अजून मजबूत करू ना." आणि ३ मिलिमीटरची प्लेट ४ ची होते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्लेट सुमारे २.४ पट ताठ झाली. हाडाच्या बाहेरच्या कठीण थराचा ताठपणा मोजला तर साधारण १५ ते २० गिगापास्कल भरतो. टायटॅनियम मिश्रधातूचा ११०, स्टीलचा १९० च्या आसपास. म्हणजे धातू आधीच हाडापेक्षा कितीतरी ताठ आहे. सगळा भार प्लेटनेच पेलला तर खालचं हाड बिनकामाचं राहून विरळ होत जातं. हाडाचा चुरा झाला असेल तर तिथे किंचित हालचाल हवीच असते, तिच्यामुळेच भोवती नवं हाड धरतं.

माझ्या मामांची मांडी वर्धा रोडवरच्या अपघातात मोडली, हाडाचे चार तुकडे. प्लेट चांगली लांब होती, पण एकूण एक भोकात स्क्रू, अगदी फ्रॅक्चरला खेटूनसुद्धा. सातव्या महिन्यात अंगणात चालताना मामा थांबले आणि म्हणाले, "बाबू, पायात कडकन वाजलं रे." एक्स-रेत प्लेट बरोबर फ्रॅक्चरवर तुटलेली, आणि हाड जुळलेलंच नव्हतं. दुसरं ऑपरेशन झालं. निघालेले दोन तुकडे मी मागून घेतले, ते माझ्या टेबलावर आहेत.

नवीन पोराच्या हातात मी आधी तार देतो. दोन बोटांतलं अंतर अर्धा इंच ठेवून मागेपुढे वाकवायची, मग वीतभर अंतर ठेवून तेवढ्याच कोनात. पहिली चटकन तुटते, दुसरी तुटता तुटत नाही. प्लेटचंही तसंच. म्हणून चुऱ्याच्या फ्रॅक्चरजवळची दोन-तीन भोकं रिकामी ठेवतात. पण रिकामं भोक हीसुद्धा प्लेटची कच्ची जागाच. मी अशा हाडांसाठी मधला पट्टा बिनभोकाचाच ठेवतो. पोरांना तो 'अपुरा' वाटतो. वाटू दे.

दुसरी चूक 'जुळवून घेणारी' या शब्दाच्या अर्थाची. स्क्रीनवर प्लेट कुठेही वाकते. आमचा एक नमुना रामदासपेठेतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांना प्लास्टिकच्या हाडावर बसवून बघायला दिला होता. त्यांनी पकडीने वाकवला तो नेमका भोकावर, कारण प्लेट तिथेच सगळ्यात अरुंद होती. भोक लांबट झालं, आतले आटे बिघडले, लॉकिंग स्क्रूचं, म्हणजे प्लेटच्या आट्यांतच घट्ट बसणाऱ्या स्क्रूचं, डोकं बसेना. डॉक्टरसाहेबांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "आता तुम्हीच बसवून दाखवा." मला बसवता आला नाही. टेबलावर खरा पेशंट असता तर, हा विचार करत मी परत आलो.

तेव्हापासून दोन भोकांच्या मधे बाजूला खाचा पाडतो, हाडाप्रमाणे हवी तशी वाकवायच्या रिकन्स्ट्रक्शन प्लेटला असतात तशा. वाक त्या खाचांत जातो, भोक शाबूत राहतं. पुन्हा सरळ करून पुन्हा वाकवलेली प्लेट मी वापरू देत नाही. धातू ते विसरत नाही.

सीटी स्कॅनचे काप ५ मिलिमीटरचे मागवू नका, १ किंवा त्याहून पातळ मागा. जाड कापांवरून केलेल्या मॉडेलला पायऱ्या पडतात आणि प्लेट त्या पायऱ्यांवर बसते. चांगल्या पायाची प्रतिमा उलटवून घ्यायला विसरू नका, डावी प्लेट उजव्या पायाला बसत नाही. स्टीलच्या प्लेटला टायटॅनियमचे स्क्रू लावू नका. मॉडेल पीएलएचं, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचं, असेल तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला तेवढं तापायला वेळ लागत नाही. वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत तर त्याचं नावच काढू नका.

प्लेटऐवजी मांडीच्या हाडाच्या पोकळीत घालायचा रॉड करत असाल, तर त्याची वक्रता परदेशी कॅटलॉगवरून उचलू नका. आपल्याकडच्या बऱ्याच मांड्या आखूड आणि पुढे जास्त कमानदार असतात, सरळसर रॉडचं टोक गुडघ्याच्या वर पुढच्या भिंतीला घासतं. मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात रीतसर परवानगी काढून हाडं हातात घ्या, कमान दोऱ्याने मोजा. घाई असलेल्या पोरांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

शेवटचं, प्लेट काढण्याचं. लॉकिंग स्क्रू हाताच्या जोरावर आवळला की टायटॅनियम टायटॅनियमला घट्ट चिकटतं, मग काढताना डोक्यावरची खाच झिजते आणि ड्रिलने फोडावं लागतं. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला १.५ न्यूटन-मीटरवर 'टक्' करणारा ड्रायव्हर वापरा. माझ्याकडे आलेलं पोर पहिल्या आठवड्यात काहीच डिझाइन करत नाही. प्लास्टिकच्या हाडावर महिनाभर आधी बसवून ठेवलेली प्लेट ते स्क्रू न झिजवता काढून देतं, मग कॉम्प्युटर सुरू होतो.