काळ्या कुत्र्याचं रंगीबेरंगी चित्र कसं जमलं

मला मैत्रिणीला तिच्या काळ्याभोर कुत्र्याचं चित्र भेट द्यायचं होतं, अ‍ॅक्रिलिकमध्ये, चांगल्या भडक रंगांत. निळा, जांभळा, नारिंगी सगळे रंग लावूनही चेहरा सपाट दिसत होता आणि नाकाजवळ नुसता चिखल झाला होता.

उपाय सापडला तो ज्यावरून रंगवत होते तो कुत्र्याचा फोटो कृष्णधवल करून पाहिल्यावर. रंग कुठलाही चालतो, पण उजेड-सावलीचा क्रम फोटोतलाच राहायला हवा. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क यांनी १९११ मध्ये घोडा चक्क निळा रंगवला, तरी तो घोडाच वाटतो! मग सर्वांत गडद भागांसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून काळा तयार केला; ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा तो मला कितीतरी जिवंत वाटतो. मधल्या छटांना जांभळा आणि किरमिजी, उजेडाच्या बाजूला फिकट आकाशी. अधूनमधून चित्राचाही मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून ताडून बघत होते.

निळा आणि नारिंगी हे विरोधी रंग. ओले असताना एकमेकांत गेले की करडे पडतात, चिखल होतो तो यामुळेच. म्हणून एक थर पूर्ण वाळू दिला, मगच दुसरा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतं, त्यामुळे छटा जरा उजळच मिसळली.

डोळ्यांना मात्र भरपूर वेळ दिला. चमकेचा पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, बाहुलीच्या कडेवर ठेवला आणि कुत्रा थेट बघायला लागला. केसांचे फटकारे नाकापासून कपाळाकडे, आखूड. डावा कान दुमडलेला असतो, तो तसाच ठेवला. मैत्रिणीने पहिलं बोट त्या कानावरच ठेवलं.