मृग लागण्यापूर्वी टीव्हीच्या कोपऱ्याची तयारी

अक्षय्य तृतीया उलटली की विदर्भातल्या गावांत कवेलू फेरणे, सरपण आत घेणे अशी पावसाळ्यापूर्वीची कामे सुरू होतात, आणि त्याच दिवसांत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार व राउटर यांच्या संरक्षणाचीही व्यवस्था लावून घ्यावी. वैशाखातले अवकाळी वादळ आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतरचा मृगाचा पाऊस, दोन्ही विजांसह येतात. बहुतेक घरांत या खरेदीचा क्रम उलटा असतो, म्हणजे आधी बॅटरीचा विचार होतो, मग विजेचे क्षणिक झटके झेलणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरचा, आणि अर्थिंगकडे, म्हणजे गळणारा प्रवाह जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीकडे, कोणीच पाहत नाही. आपण अर्थिंगपासूनच सुरुवात करावी.

काळ्या कपाशीच्या जमिनीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि कोरड्या मातीतून विद्युतप्रवाह नीट जमिनीत उतरत नाही. म्हणून पाइपाभोवतीच्या मीठ आणि कोळसा भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहावे, आणि पाइपाला जोडलेल्या तारेचा नट गंजला असल्यास तो बदलून घ्यावा. त्यानंतर जाणत्या वायरमनकडून बोर्डाच्या प्रत्येक तीन-पिनी सॉकेटवर फेज (वीज आणणारी तार) ते न्यूट्रल (ती परत नेणारी तार), फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे तिन्ही व्होल्टेज मोजून घ्यावेत. पहिले दोन आकडे साधारण सारखे आले आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत राहिला, तर काम बरे आहे असे समजावे. मात्र मीटरवरचा आकडा बरोबर दिसला तरी अर्थिंग भार घेईलच असे नाही, म्हणून अर्थिंगचा रोधही मोजून मिळाल्यास उत्तम. खड्डा खणण्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देणारे वायरमन आढळतात. अशी जोडणी दिसताच ती काढून टाकायला लावावी, कारण बाहेर न्यूट्रल तुटले तर साउंड सिस्टीमच्या धातूच्या पेटीत आणि छतावरच्या डिशमध्येही करंट उतरतो.

दुसरे काम जास्त व्होल्टेजचे. आपल्याकडे घराला २३० व्होल्टचा पुरवठा अपेक्षित असतो, पण संध्याकाळी दिवे मंद होणे आणि शेतातल्या मोटारी एकदम बंद पडल्या की व्होल्टेज वर चढणे हे दोन्ही नेहमीचे आहे. बहुतेक एलईडी टीव्हींच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, ते आधी वाचून घ्यावे. तसे असेल तर कमी व्होल्टेजने टीव्हीचे फारसे बिघडत नाही आणि निव्वळ त्यासाठी स्टॅबिलायझर घेण्याचे कारण उरत नाही. नुकसान होते ते चढलेल्या व्होल्टेजने, आणि त्यातही डीपीवरचे (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचे) किंवा खांबावरचे न्यूट्रल सुटते तेव्हा, कारण त्या वेळी दोन फेजमधला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब घरांमध्ये वाटेल तसा विभागला जातो: एका घरातले दिवे विझू लागतात, तर शेजारच्या घरातले डोळे दिपवतात. असे दिसताच टीव्हीचे बटण शोधत न बसता थेट मेन स्विच पाडावा आणि वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. माणूस घरी नसतानाही हे काम व्हावे यासाठी ठरावीक मर्यादेपुढे पुरवठा आपोआप तोडणारे आणि वीज आल्यावर काही मिनिटे थांबून मगच जोडणारे व्होल्टेज प्रोटेक्टर मीटरनंतर बसवून घ्यावे, नाहीतर हाय कट-ऑफ असलेला, म्हणजे दाब फार चढल्यास पुरवठा तोडणारा, स्टॅबिलायझर तरी लावावा.

सर्ज प्रोटेक्टरचे काम याहून वेगळे आहे, आणि दुकानदार हा फरक क्वचितच सांगतो. त्याच्या आत मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर नावाची लहानशी चकती असते. क्षणभरासाठी आलेला उंच झटका ती स्वतःवर घेते, पण बराच वेळ टिकून राहिलेले चढे व्होल्टेज तिला सोसत नाही आणि ती तापून जळू शकते. प्रत्येक झटक्याबरोबर ती झिजतही जाते. म्हणून घेताना ती किती ऊर्जा झेलू शकते हे सांगणारा ज्यूलचा आकडा पाहावा, आणि संरक्षण शाबूत असल्याचे दाखवणारा वेगळा दिवा आहे ना, याची खात्री करावी. नुसता लाल दिवा आणि पाच सॉकेट असलेली पट्टी ही बहुधा साधी एक्स्टेंशन असते. पट्टीची तिसरी पिन तोडून ती दोन-पिनी सॉकेटमध्ये खुपसली, तर फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले संरक्षण तेवढे उरते, अर्थकडे जाणारी वाट बंदच होते. पट्टी सारवलेल्या जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगावी. कूलर तिच्यावर चुकूनही लावू नये, कारण त्याच्या मोटारीच्या चालू-बंद होण्याचे झटके त्याच पट्टीवरून टीव्हीकडे जातात. शिवाय तिथे पाणी असतेच. कूलरसाठी वेगळा बोर्ड आणि तोही अर्थिंगसह, इतके तरी करावेच.

डिशची केबल मात्र बहुतेकांच्या लक्षातून निसटते. जवळपास वीज पडली की झटका छतावरच्या डिशमधून केबलने सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीत शिरतो. अशा वेळी टीव्ही चालू होतो, पण त्याचे एचडीएमआयचे तोंड मेलेले असते. म्हणजे टीव्हीची पिन काढून केबल तशीच ठेवणे हे अर्धेच काम झाले. बॉक्सच्या मागे पितळी रंगाचे आट्यांचे टोक असते, ते हाताने सैल होते की नाही हे आत्ताच पाहून ठेवावे, गंजले असल्यास बदलावे, आणि घरातल्या शाळकरी मुलांनाही ते उलटे फिरवून काढायला शिकवावे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, ते मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे. मात्र पिना आणि केबल काढायच्या त्या आभाळ भरून येताना. विजा डोक्यावर कडाडू लागल्यावर बोर्डाला हात लावू नये, तेव्हा टीव्ही गेला तर जाऊ द्यावा. प्रत्यक्ष घरावर पडलेली वीज बाजारातली कोणतीही पट्टी अडवू शकत नाही.

बॅटरीचा विचार शेवटी, आणि तोही हिशेबाने. संगणकासाठी मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. १०० वॉटचा टीव्ही आणि बॉक्स त्यावर अर्धा तास चालले तरी पुष्कळ झाले. माझ्या मते टीव्हीसाठी असा यूपीएस घेणे हा पैशाचा अपव्यय आहे. राउटरला मात्र १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस फार उपयोगी पडतो. फक्त ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळवून घ्यावेत. घरी इन्व्हर्टर असेल तर १५० अँपिअर-अवरच्या धडधाकट बॅटरीवर एक पंखा, टीव्ही, बॉक्स आणि राउटर मिळून २०० वॉटचा भार पाच-सहा तास निघतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे बाहेरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा असावा, कारण स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर आणि सबवूफर घुमतात व तापतात. इन्व्हर्टरच्या मागचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे. मेन चालू असताना इन्व्हर्टर बाहेरची वीज तशीच पुढे सोडतो, आणि दुसऱ्या मोडमध्ये तो बराच चढलेला दाबही आत येऊ देतो.

चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ती टिनाखाली न ठेवता घरातल्या थंड, हवा खेळत्या जागी, चुलीपासून आणि गॅसपासून दूर ठेवावी, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी आणि टर्मिनल पुसून त्यांना पेट्रोलियम जेली लावावी. तीन-चार वर्षांची झालेली बॅटरी पंखा व टीव्ही लावून एकदा मेन बंद करून तपासावी आणि ती किती वेळ टिकते ते घड्याळात पाहून तिच्यावरच लिहून ठेवावे. सर्ज प्रोटेक्टरवर खरेदीची तारीख लिहावी, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर त्याचा संरक्षणाचा दिवा पाहावा. तो विझला असेल तर पट्टीतून वीज येत असली तरी ती बदलावी, कारण परतीच्या पावसातल्या विजा ऑक्टोबरपर्यंत चालू राहतात.