वायफायवर मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्ट : या चुका टाळा

केबलवर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवणं; ब्रॉडकास्ट म्हणजे सगळ्यांनाच) स्वस्त पडतं, एक पॅकेट सोडलं की ज्याला हवं त्याला मिळतं, म्हणून वायफायवरही तसंच असणार असं आपण धरून चालतो आणि पहिली चूक इथेच होते. वायफायवर युनिकास्ट (एकालाच पाठवलेली) फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, पोचली की समोरचं डिव्हाइस ॲक (मिळाल्याची पोच) देतं, ॲक नाही आला तर ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) परत पाठवतो, शिवाय ज्याचा जसा सिग्नल तसा रेट लावतो. ॲक्सेस पॉइंटकडून निघणाऱ्या मल्टिकास्ट-ब्रॉडकास्टला यातलं काहीच नाही. ॲक नाही, रिट्राय नाही, आणि लांबच्यालाही ऐकू जावं म्हणून रेट बहुतेक वेळा सगळ्यात खालचा, २.४ गिगाहर्ट्झवर १ एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झवर ६.

जरा हिशोब करून बघा. १५०० बाइटची फ्रेम १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, ६ ने २ आणि २४ ने अर्धा. म्हणजे ५ एमबीपीएसचा व्हिडिओ ६ च्या रेटने सोडला तर चॅनेलचा ८० टक्क्यांहून जास्त वेळ तोच खाणार, बघणारा एकटाच असला तरी! आणि लोक तोवर सिग्नल फुल असूनही स्लो का म्हणून राउटर बदलत बसतात. त्याआधी वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून, कोणी काही वापरत नसताना, एक मिनिटभर नुसतं बघा हो, कोण किती ओरडतंय ते लगेच कळतं.

ते दिसलं की दुसरी चूक होते ती म्हणजे घाबरून सगळंच ब्लॉक करणं. एआरपी (आयपीवरून डिव्हाइसचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, शोधणं) आणि डीएचसीपी (डिव्हाइसला आयपी देणं) ब्रॉडकास्टवर चालतात, आणि आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) मध्ये तर ब्रॉडकास्ट नाहीच, शेजारी शोधण्यापासून राउटरच्या जाहिरातीपर्यंत सगळं मल्टिकास्टवर. ते अडवलं तर लगेच बंद पडेलच असं नाही, आधी मिळालेली राउटरची माहिती डिव्हाइसकडे असते, तिची मुदत बऱ्याचदा १८०० सेकंदांची, म्हणून सेटिंग बदलल्यावर अर्ध्या तासाने नेट जातं आणि कशामुळे गेलं ते कोणाच्या लक्षात येत नाही. ब्लॉक करण्याऐवजी प्रॉक्सी एआरपी चालू करा. कोणत्या आयपीला कोणता मॅक हे ॲक्सेस पॉइंटला माहीत असतंच, तो स्वतःच उत्तर देतो आणि तो प्रश्न हवेत जातच नाही.

आयजीएमपी स्नूपिंगवर (कोणत्या पोर्टवर कोणता मल्टिकास्ट ग्रुप ऐकला जातोय हे बघून स्विचने तो तिथेच पाठवणं) मी स्वतः दोन दिवस घालवलेत. स्ट्रीम छान सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने गप्प, परत लावला की परत चालू. केबल बदलली, चॅनेल बदलला, शेवटी घड्याळ लावून बसलो तर दर वेळी चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद. तिथे ट्यूब पेटली, २६० सेकंद! स्नूपिंग चालू होतं पण नेटवर्कमध्ये क्वेरिअरच नव्हता, म्हणजे अजून कोण ऐकतंय हे विचारणारं कोणी नाही, मग ही २६० सेकंदांची मुदत संपली की स्विच त्या ग्रुपमधून पोर्ट काढून टाकतो. प्रत्येक व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) क्वेरिअर आहे का हे आधी बघा. आणि स्नूपिंगने एमडीएनएस (प्रिंटर-टीव्ही नावाने शोधणारं मल्टिकास्ट) कमी होईल अशी आशा ठेवू नका, २२४.०.०.२५१ हा पत्ता ज्या रेंजमध्ये येतो ती सगळ्या पोर्टवर जातेच.

व्हिडिओसाठी खरा फायदा मल्टिकास्टचं युनिकास्ट करण्यात आहे, मग ॲक, रिट्राय, चांगला रेट सगळं मिळतं. फक्त बघणारे खूप झाले की तितक्या वेगळ्या कॉपी जातात, तेव्हा उलटा खर्च वाढतो.

बेसिक रेट (प्रत्येक डिव्हाइसला यायलाच हवा असा रेट) १२ किंवा २४ करा हा सल्ला बरोबर आहे, पण बीकनही (ॲक्सेस पॉइंटच्या 'मी इथे आहे' अशा घोषणा) सहसा त्याच हिशोबाने जातात त्यामुळे कडेची डिव्हाइसेस तुटतात आणि फक्त ८०२.११बी वालं जुनं काही असेल तर ते कनेक्टच होत नाही. ॲक्सेस पॉइंट लांब लांब असतील तर एकेक पायरी वाढवा. डीटीआयएम (किती बीकननंतर साठवलेलं मल्टिकास्ट सोडायचं तो आकडा) ३ असेल तर एक फोन झोपलेला असला तरी सगळ्यांचं मल्टिकास्ट ३०० मिलिसेकंदांपर्यंत थांबतं, १ केलं तर बॅटरी जास्त जाते, एवढं लक्षात ठेवा.

आणि एक दुखणं जे फार उशिरा सापडतं. प्रिंटर कनेक्टेड दिसतो पण तासाभराने कोणालाच सापडत नाही, रिकनेक्ट केलं की ठीक. ब्रॉडकास्टसाठी सगळ्यांची मिळून एक ग्रुप की (एन्क्रिप्शनची किल्ली) असते, ॲक्सेस पॉइंट ती अधूनमधून बदलतो आणि एखादं डिव्हाइस नवी की घ्यायला चुकतं. युनिकास्टची की वेगळी म्हणून त्याचं स्वतःचं काम चालू राहतं पण दुसऱ्यांची एआरपी त्याला वाचताच येत नाही. गायब व्हायची वेळ लिहून ठेवा, ग्रुप कीच्या इंटरव्हलशी जुळते का बघा, मग तो इंटरव्हल दुप्पट करा. गायब व्हायची वेळही दुप्पट लांबली तर चोर सापडला, आता त्या प्रिंटरचं फर्मवेअर अपडेट करा.